घरातली चांदीची स्मारक नाणी : मोल कसे करावे, विकावी कशी



संपादक मंडळाकडे येणारी पत्रे बहुतेक करून तोडणीचा क्रम, ठिबकचे अनुदान नाही तर बिलाचा हप्ता याबद्दलची असतात. ती आम्ही त्या त्या खात्याकडे पाठवून देतो. पण गेल्या काही महिन्यांत वेगळ्याच विषयाची पाच-सहा पत्रे आली, आणि ती जिकडे पाठवावीत असे खाते आपल्या कारखान्यात नाही. विषय असा : वडीलधारे माणूस गेले, घराची वाटणी निघाली, माडीवरची ट्रंक उघडली आणि तळाशी लुगड्याच्या घडीत चांदीची मोठाली नाणी सापडली. यांचे करायचे काय?

त्यातले एक पत्र येथे सांगण्यासारखे आहे. तिघा भावांच्या घरात सहा नाणी निघाली. गांधीजींची दहा रुपयांची दोन, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे दहाचे एक, १९७३ चे वीसचे एक, १९७४ चे पन्नासचे एक आणि १९८१ चे शंभराचे एक. थोरल्याने ती एका सराफाला दाखवली. सराफ म्हणाला, "यात चांदी नावालाच आहे हो. दोन हजार घ्या आणि मोकळे व्हा." धाकट्याच्या पोराने मोबाईलवर जाहिरात पाहिली होती, असल्या एकेका नाण्याला पाच-पाच लाख मिळतात म्हणून! आता थोरल्याला मुलीच्या प्रवेशाची फी भरायची घाई आहे, धाकटा म्हणतो थोरला आपल्याला बुडवायला निघालाय, आणि मधला दोघांशी बोलत नाही.

दोन हजार हा भाव बरोबर नाही. पाच लाख तर नाहीच नाही. बरोबर किती, हे घरात बसून, कागद-पेन्सिल घेऊन काढता येते. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

एका नाण्याच्या तीन किमती

पहिली किंमत नाण्यावर छापलेली. दहा, वीस, पन्नास, शंभर. ही दर्शनी किंमत. बँकेत तेवढेच मिळतील, आणि चांदीचे नाणे तेवढ्याला देणारा माणूस आम्ही अजून पाहिला नाही. दुसरी किंमत आतल्या चांदीची. तिसरी किंमत शौकिनाची, म्हणजे नाणी जमवणारा माणूस ते नाणे आपल्या संग्रहात यावे म्हणून चांदीच्या वर जे काही देईल ती.

सगळा घोटाळा या तीन किमतींची सरमिसळ केल्याने होतो. घरातली माणसे दर्शनी किंमत पाहतात, सराफ चांदी पाहतो पण बोलताना कमी सांगतो, आणि मोबाईलवरचा भामटा तिसऱ्या किमतीचे गाजर दाखवतो. आमचे मत स्पष्ट आहे : घरात सुटी सापडणारी १९६९ ते १९८९ या काळातली बहुतेक नाणी दुसऱ्या किमतीचीच असतात, म्हणजे आतल्या चांदीच्या. तिसरी किंमत थोड्यांच्याच नशिबी येते. ती कोणाच्या, ते पुढे येईलच.

टनेज आणि उतारा

ऊस उत्पादकाला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. उसाचे नुसते वजन बघून साखर किती निघेल ते कळत नाही. वजनाला उतारा लावावा लागतो. नाण्याचेही तसेच आहे. वजन म्हणजे टनेज आणि चांदीची शुद्धता म्हणजे उतारा. सराफ या शुद्धतेला टंच म्हणतात. शंभर टंच म्हणजे शुद्ध चांदी, ऐंशी टंच म्हणजे शंभर भागांत ऐंशी भाग चांदी व बाकी तांबे वगैरे.

गांधीजींच्या जन्मशताब्दीला १९६९ मध्ये दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. त्याचे वजन १५ ग्रॅम आणि चांदी ऐंशी टंच. म्हणजे आत १२ ग्रॅम शुद्ध चांदी. एका बाजूला गांधीजींचा चेहरा आणि १८६९-१९४८ ही वर्षे, दुसऱ्या बाजूला सिंहमुद्रा. १९७० आणि १९७१ सालची 'सब के लिए अन्न' ही दहा रुपयांची नाणीही याच वजनाची आणि याच टंचाची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मोहिमेत आपल्या सरकारने जी नाणी पाडली, त्यांतली ही सुरुवातीची.

१९७२ ला मात्र सरकारने टंच उतरवला. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे दहा रुपयांचे नाणे हातात घेतले तर गांधी नाण्यापेक्षा चांगले मोठे लागते. वजन साडेबावीस ग्रॅम. पण चांदी निम्मीच, पन्नास टंच. हिशेब करा : निघाली सव्वाअकरा ग्रॅम. म्हणजे मोठ्या नाण्यात लहान नाण्यापेक्षा कमी चांदी! जाडजूड ऊस दिसतो पण रस पाणचट, त्यातलीच गत. सराफाने यातले कुठले नाणे आधी उचलले हे पाहिले की त्याला टंच ठाऊक आहे हे लगेच कळते.

पुढचा सगळा काळ पन्नास टंचाचाच. १९७३ च्या 'अधिक अन्न उगाओ' या मालेत दहा रुपयांचे आणि वीस रुपयांचे अशी दोन चांदीची नाणी होती. वीसचे वजन ३० ग्रॅम, म्हणून चांदी १५ ग्रॅम. १९७४ पासून १९७९ पर्यंत पन्नास रुपयांची नाणी निघाली. १९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचे आणि १९७९ चे बालक वर्षाचे अनेकांनी पाहिले असेल. यांचे वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. मग १९८० पासून शंभर रुपयांची सुरू झाली. १९८१ चे जागतिक अन्न दिनाचे, १९८२ चे एशियाडचे, १९८५ चे इंदिरा गांधींचे, १९८७ चे लहान शेतकऱ्यांवरचे, १९८९ चे नेहरू जन्मशताब्दीचे. वजन ३५ ग्रॅम, चांदी साडेसतरा ग्रॅम.

आता नीट पाहा. पन्नासच्या नाण्यात साडेसतराच्या आसपास चांदी आणि शंभराच्या नाण्यातही साडेसतराच. छापलेला आकडा दुप्पट झाला, चांदी होती तिथेच राहिली. तेव्हा वाटणी करताना "तुला शंभराचे एक, मला पन्नासची दोन" असे कोणी म्हणाले तर पन्नासची दोन घेणारा दुप्पट चांदी घेऊन जातो, हे ध्यानात असू द्या. अशी वाटणी झालेली आमच्या ऐकण्यात आहे.

पत्रातल्या सहा नाण्यांचा हिशेब येथे मांडतो. गांधींची दोन मिळून २४ ग्रॅम, १९७२ चे सव्वाअकरा, वीसचे १५, पन्नासचे सुमारे साडेसतरा, शंभराचे साडेसतरा. बेरीज सुमारे ८५ ग्रॅम शुद्ध चांदी. दर्शनी किंमत सगळी मिळून अवघी दोनशे रुपये. हिशेब सोपा जावा म्हणून चांदी ग्रॅमला १०० रुपये, म्हणजे किलोला एक लाख, धरली तरी साडेआठ हजार रुपये होतात. आणि २०२५ सालात चांदी किलोला लाखाच्या बरीच वर गेली, म्हणजे हा आकडा आम्ही हात राखूनच धरला आहे. सभासदांनी विकायला निघताना त्या दिवसाचा दर वर्तमानपत्रात पाहावा आणि आपल्या हाताने गुणाकार करावा. सराफाच्या दोन हजारांत आणि खऱ्या मोलात किती अंतर होते ते यावरून दिसेल.

पूर्ण दर मात्र कोणी देत नाही, हेही सांगितले पाहिजे. घेणाऱ्याला त्यात आपले सुटायला हवे, आणि पन्नास टंचाचा माल ऐंशी टंचापेक्षा त्याला अडचणीचा, म्हणून घट जास्त धरतो. घट धरावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण किती धरली ते कागदावर लिहून मागावे. वजन इतके, टंच इतका, दर इतका, घट इतकी. जो लिहून देत नाही त्याच्याकडून उठावे. आपण वर्षानुवर्षे काट्यावरच्या पावतीसाठी भांडणारी माणसे. चांदीला पावती नको असे कसे चालेल?

जे चांदीचे वाटते पण नसते

येथे अनेकांची निराशा होणार आहे, पण बाजारात जाऊन होण्यापेक्षा घरी झालेली बरी.

नेहरूंचा १९६४ चा रुपया चांदीचा नाही. तो निकेलचा. गांधीजींचा १९६९ चा एक रुपया आणि पन्नास पैसेही निकेलचेच, आणि वीस पैशाचे पिवळे नाणे पितळी जातीचे. गांधी मालेतल्या चार नाण्यांत चांदीचे काय ते दहा रुपयांचे एकटेच. परीक्षा सोपी आहे. घरात लोहचुंबक असेल, नाही तर जुन्या रेडिओच्या भोंग्यातला काढा. निकेल चुंबकाला चिकटते, चांदी चिकटत नाही. नेहरूंचा रुपया टपकन चिकटेल.

पण उलट बाजूने फसू नका. चिकटले नाही म्हणजे चांदीच, असे नव्हे. तांबे, पितळ, जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीच चिकटत नाही. आणि दहा रुपयांचे स्मारक नाणे म्हणजे चांदीचे, असाही नियम नाही. १९७४ पासून दहा रुपयांची स्मारक नाणी तांबे-निकेलच्या मिश्रणाची निघाली. ती चांगली जड आणि पांढरी दिसतात, चुंबकाला धरत नाहीत, आणि चांदी त्यात गुंजभरही नाही. १९७४ च्या पन्नासच्या नाण्याबरोबर त्याच मालेतले दहाचे नाणे घरात असेल तर दोन्ही एकाच भावाने विकायला जाऊ नका. हसे होईल.

तिसरा प्रकार सराफांनी स्वतः पाडलेल्या शिक्क्यांचा. लक्ष्मी-गणपती, राम दरबार, किंवा राणीचे तोंड असलेले. दिवाळीला, लग्नात देण्याचे. त्यात चांदी असेल तर चांदीचे मोल आहे, पण ते सरकारचे नाणे नव्हे. त्याला शौकिनाची किंमत नाही, मग देणारा कितीही जुना म्हणो.

जाता जाता राणीछापाबद्दल. हा काही स्मारक नाण्याचा प्रकार नव्हे, रोजच्या चलनातला बंदा रुपया. पण ट्रंकेत तो हमखास असतो म्हणून सांगतो. व्हिक्टोरिया राणीचा रुपया नेमका एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. मात्र १९४० पासून इंग्रज सरकारने रुपयाची चांदी निम्मी केली. राजाचा चेहरा असलेला १९४० ते ४५ मधला रुपया दिसायला जुन्या रुपयाचा भाऊच, पण आत चांदी जवळजवळ अर्ध्यावर. दोन्ही एका पिशवीत घालून सरसकट वजनावर देऊ नयेत.

वजन करण्याची रीत

धान्याचा काटा येथे कामाचा नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा हल्ली पाच-सातशे रुपयांच्या आत मिळतो. चार घरांत मिळून एक घेतला तरी चालेल. नाणे कोरडे असावे. गांधी दहा १५ ग्रॅमच्या जवळ भरायला हवे. हाताळून झिजले असेल तर किंचित कमी भरेल. पण १३ भरले किंवा १७ भरले तर ते नाणे संशयित समजावे. व्यासही मापावा. गांधी दहा ३४ मिलिमीटर, १९७२ चे ३९, वीसचे ४४. वजन आणि व्यास दोन्ही जुळले तर बहुधा नाणे खरे. नकली नाण्याला एक साधता येते, दोन्ही साधणे अवघड जाते.

वाजवून पाहण्याची आपली जुनी रीत आहे. खणखणीत नाणे हा शब्दच त्यातून आला. पण पन्नास टंचाच्या नाण्यात चांदीबरोबर तांबे, निकेल आणि जस्त असते, त्याचा नाद चोख चांदीसारखा येत नाही. नाद बोद आला म्हणून खरे नाणे खोटे ठरवू नये. मोठ्या शहरात सराफांकडे किरणांनी टंच दाखवणारे यंत्र असते, त्यात नाण्याला ओरखडाही पडत नाही. तेवढा खर्च करायला हरकत नाही. कानस लावून, कड खरवडून टंच पाहू देऊ नये. खाच पडलेल्या नाण्याची तिसरी किंमत त्याच क्षणी संपली.

घासू नका

हे आम्ही विशेषतः घरातल्या माता-भगिनींसाठी लिहीत आहोत, कारण स्वच्छतेची सवय चांगली असली तरी येथे ती नडते. काळे पडलेले नाणे दिसले की हात चिंचेकडे जातो, नाही तर रांगोळी, राख, दंतमंजन. देवाच्या भांड्यांना ते ठीक आहे. नाण्यावरचे काळेपण म्हणजे घाण नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन बसलेला तो पातळ थर आहे. शौकीन माणूस त्या थरासकट नाणे घेतो, कित्येकदा तो थर आहे म्हणूनच घेतो, कारण नाणे घासलेले नाही याची ती खूण असते. घासलेल्या नाण्यावर भिंगातून बारीक रेघा दिसतात आणि त्या कधीच जात नाहीत.

आपल्याकडे गंधकाची आणखी एक गोष्ट आहे. द्राक्षाला धुरळायचे गंधक, औषधांचे डबे आणि ही नाणी एकाच कोठीत ठेवलेली आम्ही पाहिली आहेत. तिथे नाणे काही महिन्यांत काळेठिक्कर पडते. रबराच्या वळ्यातही गंधक असते, म्हणून नाण्यांच्या पुडीला रबर बांधू नये. मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटे तर त्याहून वाईट. त्यांतून निघणाऱ्या द्रव्याने नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. एकेक नाणे सुती कापडात किंवा कोऱ्या कागदात वेगळे गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावे. धरायचे ते कडेने, चेहऱ्यावर अंगठा ठेवून नव्हे.

तिसरी किंमत कोणाला मिळते

टांकसाळ ही नाणी तीन रूपांत देत असे. काही चलनात, बँकेतून. गांधी दहा अशी लाखांच्या संख्येने निघाली, म्हणून आजही ती गावोगाव सापडतात आणि म्हणूनच सुट्या गांधी दहाला चांदीच्या फार वर भाव नसतो. बाकीची, आगाऊ पैसे भरून मागणी नोंदवणाऱ्यांना, डबीत किंवा घडीच्या पुठ्ठ्यात बसवलेल्या संचांत. या संचांचेही दोन प्रकार. एक न वापरलेल्या कोऱ्या नाण्यांचा. दुसरा 'प्रूफ' नावाचा, तो खास. त्यासाठी साचा आणि चकती दोन्ही घासून चकचकीत करतात आणि नाणे एकाहून अधिक वेळा ठोकतात. मागची सपाट जागा आरशासारखी दिसते आणि चित्र दुधट उठून दिसते. मुंबई टांकसाळीच्या त्या काळच्या प्रूफ नाण्यावर बारीक 'बी' हे इंग्रजी अक्षर असते. असे अक्षर दिसले तर नाणे बोटाने न हाताळता परत डबीत ठेवावे आणि सराफाकडे अजिबात नेऊ नये. प्रूफ संच थोडेच निघाले, आणि त्यांचे गिऱ्हाईक वेगळे.

संचाची किंमत संच म्हणून असते. त्यात चांदीच्या नाण्याबरोबर तांबे-निकेलचीही नाणी असतात, त्यांना सुटे कोणी विचारत नाही, पण त्यांच्यावाचून संच पुरा होत नाही. डबी, टांकसाळीचा कागद, वरचे खोके, सगळे जपावे. आम्हाला आलेल्या एका पत्रात तिघांनी संच फोडून एकेक नाणे वाटून घेतले आणि डबी मुलांना खेळायला दिली, असे होते. त्यांनी नकळत तिसरी किंमत मोडून दुसरी हातात घेतली. भाऊ कितीही असोत, संच एकानेच घ्यावा. दोन ठिकाणचा भाव काढून बाकीच्यांचा हिस्सा त्याने रोख द्यावा, किंवा विकून पैसे वाटावेत. बैलजोडी आपण कधी एकेक बैल करून वाटली नाही, तसेच हे.

सुट्या नाण्यात तिसरी किंमत ठरते ती झिजेवर. गांधीजींच्या गालावरचा, कानाजवळचा उंचवटा सपाट झाला असेल तर ते वापरलेले नाणे. टांकसाळीतून आले तशी मूळची झळाळी शाबूत असेल तर ते कोरे. दोन्हींत चांदी तेवढीच, भाव वेगळा.

टांकसाळीकडून अशी नाणी आजही मिळतात. २०२३ चे नव्या संसद भवनाचे ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, पन्नास टंचाचे होते. २०२४ चे रिझर्व्ह बँकेच्या नव्वद वर्षांचे ९० रुपयांचे नाणे ४० ग्रॅम शुद्ध चांदीचे. म्हणजे टंच आता पुन्हा वर चढला आहे. ही नाणी दर्शनी किमतीला नव्हे, पुष्कळ जास्त किमतीला विकली जातात. कोणाला नातवासाठी घ्यावीशी वाटली तर हौस म्हणून घ्यावीत. वर्षभरात दामदुप्पट होईल या आशेने घेऊ नयेत.

कायद्याचे चार शब्द

२०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. स्मारक नाणेही या कायद्याच्या व्याख्येने नाणेच. तेव्हा "आटवून वाळे करून देतो" असे कोणी म्हणाला तर नको म्हणावे. जरुरीपेक्षा फार जास्त नाणी दर्शनीपेक्षा वेगळ्या किमतीला विकण्यासाठी साठवण्यासही हा कायदा मनाई करतो. घरातली चार-सहा नाणी आणि पोत्याने जमवलेली नाणी यांत फरक आहे. ज्याच्याकडे पोत्याचा मामला असेल त्याने आधी वकिलाला विचारावे.

शंभर वर्षांपूर्वीची नाणी पुरावस्तूंत मोडतात आणि १९७२ च्या कायद्याने ती परदेशी पाठवता येत नाहीत. मुलगा अमेरिकेत आहे, त्याला आजोबांचे राणीछाप पाठवतो, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आणि नांगरटीत, विहिरीच्या खोदाईत नाण्यांचे गाडगे लागले तर तो गुप्त धनाचा प्रश्न. १८७८ चा कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत सापडली तर कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. ते लपवून बाजारात नेणे महागात पडते.

विक्री

चांदीच्या किमतीची नाणी विकायची असतील तर दोन-तीन सराफ आणि किमान एक नाण्यांचा व्यापारी, एवढ्यांचा भाव घ्यावा. नाण्यांचे व्यापारी मुंबई-पुण्यात आहेत, आणि तेथे भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनांत एकाच छपराखाली दहा-वीस भेटतात. तेथे आधी तासभर नुसते हिंडावे. आपल्यासारखे नाणे ते विकतात कितीला ते पाहावे, मग आपले काढावे. व्यापारी घेताना अर्थातच विकण्याच्या भावापेक्षा कमी देणार. पण त्याला नाणे आटवायचे नसते, पुढे विकायचे असते, म्हणून बहुधा तो सराफाच्या वर जातो.

प्रूफ संच किंवा खरोखर कोरे नाणे असेल तर लिलाव करणाऱ्या कंपन्यांकडे जाता येते. त्या दोन्ही बाजूंचे फोटो छापून यादी काढतात, आपण कमीत कमी किंमत सांगून ठेवू शकतो, आणि विक्रीवर त्यांचे कमिशन कापले जाते. पैसे हातात यायला काही आठवडे लागतात. फी भरायची तारीख तोंडावर असेल तर हा मार्ग नव्हे. कमिशनखेरीज फोटोचा, विम्याचा खर्च कोणावर, हे सही करण्याआधी वाचावे.

मोबाईलवरच्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक स्वतः पडत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भामट्यांची रीत ठरलेली : फोटो पाठवा म्हणतात, पाच लाख मंजूर झाले म्हणतात, मग नोंदणीचे अकराशे, मग कराचे साडेसहा हजार, मग वाहतुकीचे. नाणे घरातच राहते आणि पैसे जातात. दुसरी रीत, "पैसे पाठवतोय, पिन टाका." पैसे घ्यायला पिन लागत नसतो, द्यायला लागतो. घरातल्या तरण्या पोरांना हे ठाऊक असते, पण पाच लाख ऐकले की त्यांचेही भान सुटते.

विकण्याआधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो, वजन आणि वर्ष वहीत लिहून ठेवावे आणि सर्व हिस्सेदारांनी त्याखाली सही करावी. पैसे बँकेतून घ्यावेत, पावती घ्यावी. पैसे जमा होण्याआधी नाणे टपालाने वा कुरिअरने पाठवू नये. वरच्या पत्रातल्या तिघा भावांना आम्ही हेच कळवले आहे. त्यांची सहाही नाणी सुटी आणि हाताळलेली, तेव्हा दुसऱ्या किमतीची. तिघांनी एकत्र जावे आणि काट्यासमोर एकत्र उभे राहावे.

काही सभासदांनी विचारले की कारखान्याच्या प्रयोगशाळेत नाण्यांचा टंच काढून मिळेल काय. मिळणार नाही. तेथे रसाचा ब्रिक्स आणि पोल निघतो, चांदी तपासायचे यंत्र नाही, आणि हंगामात तेथील मंडळींना मान वर करायला सवड नसते. कोणाला शंका असल्यास नाण्याचे वर्ष, छापलेली किंमत, वजन, व्यास आणि चुंबकाला चिकटते की नाही, एवढे पोस्टकार्डावर लिहून संपादक मंडळाकडे पाठवावे. त्यावरून आम्हाला सांगता येईल तेवढे पुढील अंकात सांगू. नाणी मात्र पत्रातून पाठवू नयेत. मागील महिन्यात एका पाकिटातून गांधी दहा आले. ते रोखपालांकडे ठेवले आहे, संबंधित सभासदाने ओळख पटवून घेऊन जावे.